रोज क्लोरीन टाकूनही तलाव हिरवा का?

पत्र: पुण्यात बावधनला आमच्या बंगल्यात ८ मीटर बाय ४ मीटरचा पोहण्याचा तलाव आहे. उथळ बाजू १ मीटर, खोल बाजू १.६ मीटर. आरसीसीचा, आतून टाइल्स, स्किमर (वरचं पाणी ओढून घेणारं तोंड) आणि वाळूचा फिल्टर. मार्चमध्ये बोअर आणि टँकरच्या पाण्याने नव्याने भरला. तेव्हापासून पूलवाला मुलगा रोज साधारण १०० ग्रॅम टीसीसीए हे क्लोरीनचं औषध टाकतो. टेस्ट किटमध्ये पिवळा रंग येतो, म्हणजे क्लोरीन आहे. तरी जुलैपासून पाणी हिरवं आहे, भिंती बुळबुळीत झाल्यात आणि सावलीकडच्या टाइल्सच्या सांध्यांत काळे ठिपके दिसतात. शेजाऱ्यांनी सांगितलं म्हणून अर्धा किलो मोरचूद टाकलं, मग दोन किलो ब्लीचिंग पावडर. दोन दिवस पाणी पांढुरकं झालं, पुन्हा हिरवं. पंप रोज दोन तास चालतो. दिवाळीच्या सुट्टीत नातवंडं येणार आहेत. सगळं पाणी काढून नव्याने भरू का?

उत्तर: सप्रेम नमस्कार.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. सगळं पाणी एका दमात काढू नका, पावसाळ्यात तर नाहीच. आणि तळाच्या ड्रेनची जाळी काठावरून स्वच्छ दिसेपर्यंत कुणालाही पाण्यात उतरू देऊ नका. हिरव्या पाण्यात खाली गेलेलं मूल वरून दिसत नाही. दिवाळीपर्यंत वेळ पुरेसा आहे. पाणी बदलून झालं की काम आठ-दहा दिवसांचं आहे, मात्र क्रम पाळायला हवा.

तुमच्या तलावात क्लोरीन कमी पडतंय हे खरं, पण ते कमी टाकल्यामुळे नव्हे. टीसीसीए पाण्यात विरघळला की क्लोरीन सुटतं आणि सायन्युरिक ॲसिड मागे राहतं. बाजारात यालाच स्टॅबिलायझर म्हणतात. क्लोरीन शेवाळ मारण्यात, घाण जाळण्यात आणि उन्हात संपतं. स्टॅबिलायझर जवळजवळ संपतच नाही. पाणी वाफ होऊन उडालं तरी तो तलावातच राहतो. पाणी बाहेर गेलं तरच तो जातो.

हिशेब करू. तुमच्या तलावाची सरासरी खोली १.३ मीटर, म्हणजे ८ × ४ × १.३, साधारण ४२ हजार लिटर पाणी. एक किलो टीसीसीए एवढ्या पाण्यात स्टॅबिलायझर १३ पीपीएमने (दहा लाख भागांत १३ भाग) वाढवतो. रोज १०० ग्रॅम म्हणजे महिन्याला ३ किलो, म्हणजे महिन्याला जवळपास ४० पीपीएम. मार्चपासून आतापर्यंत सोळा-सतरा किलो गेला असेल. बॅकवॉशमधून (फिल्टर उलट्या पाण्याने धुऊन ते बाहेर सोडतात) आणि पावसात काठावरून वाहून गेलेलं वजा केलं तरी स्टॅबिलायझर १५० च्या आसपास असावा.

स्टॅबिलायझर वाईट नाही. पुण्याच्या एप्रिलच्या उन्हात उघडं क्लोरीन तासाभरात निम्मं होतं. ३० ते ४० पीपीएम स्टॅबिलायझर असला की ते दिवसभर टिकतं, कारण तो क्लोरीनला धरून ठेवतो आणि गरजेपुरतं सोडतो. प्रमाण वाढलं की मात्र तो इतकं धरून ठेवतो की शेवाळाशी लढायला काही उरत नाही. व्यवहारात उपयोगी पडणारा नियम असा: मुक्त क्लोरीन, म्हणजे घाणीशी अजून न जोडलेलं, स्टॅबिलायझरच्या किमान साडेसात टक्के हवं, आणि आलेलं शेवाळ मारायचं असेल तर चाळीस टक्के. स्टॅबिलायझर ४० असेल तर रोजचं किमान ३ आणि शेवाळ मारायला १६ पीपीएम. तो १५० असेल तर रोजचं किमान ११ आणि मारायला ६० पीपीएम. रोजच्या १०० ग्रॅम टीसीसीएने २ पीपीएमच वाढतं. त्यामुळे त्या मुलाने रोज प्रामाणिकपणे औषध टाकलं, तरी शेवाळाला ते जाणवलं नाही.

किटचा पिवळा रंग

पिवळा रंग येणारं किट म्हणजे ऑर्थोटोलिडिनचं. ते एकूण क्लोरीन दाखवतं. त्यात घाम, लघवी, पालापाचोळा यांच्याशी जोडलं गेलेलं निकामी क्लोरीनही येतं. त्यातलं मुक्त किती, हे त्यावरून कळत नाही. हे रसायन त्वचेला आणि आरोग्याला चांगलं नाही, म्हणून चाचणीचं पाणी पुन्हा तलावात ओतू नये.

तुम्हाला दोन गोष्टी लागतील. एक डीपीडी किट, म्हणजे मुक्त क्लोरीन वेगळं दाखवणारं; थेंब मोजायचं मिळालं तर उत्तम, कारण त्यावर १६ पीपीएमही नीट मोजता येतं. साधं गुलाबी रंगाचं डीपीडी १० च्या वर फसवतं: रंग क्षणभर चमकतो आणि उडून जातो, आणि माणसाला वाटतं क्लोरीन शून्य आहे. तसं झालं तर एक भाग तलावाचं पाणी आणि चार भाग आरओचं पाणी मिसळून मोजा, आलेल्या आकड्याला ५ ने गुणा. दुसरी गोष्ट, स्टॅबिलायझरची गढूळपणाची चाचणी. पाण्यात औषध मिसळल्यावर ते दुधाळ होतं आणि नळीच्या तळाचा काळा ठिपका दिसेनासा होतो ती रेघ वाचायची. ही चाचणी उघड्यावर, सूर्याकडे पाठ करून करा. १०० च्या वर ती बिनभरवशाची होते, म्हणून निम्मं साधं पाणी मिसळून करा आणि उत्तर दुप्पट धरा. रंग बदलणाऱ्या कागदी पट्ट्या स्टॅबिलायझरसाठी घेऊ नका.

आता काय टाकू नका

मोरचूद पुन्हा नको. मोरचुदाचा चौथा भाग तांबं असतं. अर्धा किलो म्हणजे सुमारे १२५ ग्रॅम तांबं, तुमच्या पाण्यात ३ पीपीएम. शेवाळनाशक म्हणून तांबं वापरणारे ते ०.३ च्या आत ठेवतात. पीएच चढला की हेच तांबं टाइल्सच्या सांध्यांवर हिरवट-काळं बसतं आणि मग निघता निघत नाही. पत्रातल्या काळ्या ठिपक्यांपैकी काही याचेही असू शकतील.

ब्लीचिंग पावडरही नको. ताजी असली तर तिच्यात तीस-एक टक्के क्लोरीन असतं, पावसाळी दमट हवेत उघडी राहिली की झपाट्याने उतरतं. बाकीचा बराचसा भाग चुना. पाणी पांढुरकं झालं ते त्या चुन्याने. शेवाळ मेलं नव्हतंच.

शेवाळनाशकाची बाटली या टप्प्यावर पैसे पाण्यात घालणं आहे. आणि टीसीसीए तर आजपासून बंद. तो कॅल्शियम हायपोक्लोराइटच्या किंवा ब्लीचिंग पावडरच्या डब्याजवळही ठेवू नका, दोघांना एकच चमचा वापरू नका. या पावडरी एकमेकींत मिसळल्या तर पेट घेतात, स्फोटही होतो. ॲसिड आणि कुठलंही क्लोरीन एकत्र आलं तर विषारी वायू सुटतो. पंपाच्या खोलीत सगळे डबे एकाच फळीवर असतील तर हे पत्र बाजूला ठेवून आधी ते वेगळे करा.

पाणी बदलणं

स्टॅबिलायझर १५० वरून ४० च्या आत आणायचा, तर पाणी बदलण्यावाचून इलाज नाही. कुठली पावडर टाकून तो जात नाही.

पण तलाव हा जमिनीत बसवलेला पोकळ खोका आहे. भोवतालच्या जमिनीत पाणी भरलेलं असताना आतलं वजन काढलं की खालून दाब येतो; तळाला तडे जातात, फायबरचा तलाव तर सरळ उचलला जातो. म्हणून चार-पाच दिवसांची उघडीप बघा. जमिनीखाली असलेल्या पंपरूमच्या भिंतींतून किंवा तळातून पाणी झिरपतंय का ते पाहा. झिरपत असेल तर भूजल वर आहे, त्या आठवड्यात हात लावू नका. कोरडं असेल तरी अर्ध्यापेक्षा खाली जाऊ नका.

अर्धं म्हणजे पातळी ६५ सेंटिमीटरने उतरवायची. उथळ बाजूला ३५ सेंटिमीटर पाणी उरेल. फिल्टरवरचा मल्टीपोर्ट व्हॉल्व्ह (पाण्याची वाट बदलणारा) ‘वेस्ट’वर, म्हणजे पाणी बाहेर टाकायच्या खुणेवर घ्या. पंप बंद केल्याशिवाय त्याचा दांडा फिरवू नका, नाहीतर आतला गॅस्केट फाटतो आणि पुढे बॅकवॉशचं घाणेरडं पाणी तलावात परततं. पातळी स्किमरच्या खाली जाण्याआधी स्किमरची लाइन बंद करून फक्त तळाच्या ड्रेनवर घ्या, म्हणजे पंप हवा ओढणार नाही. भरल्यावर पंप चार-पाच तास फिरवा, स्टॅबिलायझर मोजा. १५० चा ७५ व्हायला हवा. पुढच्या उघडिपीत पुन्हा अर्धं बदला: ३७ च्या आसपास याल. तांबंही ३ वरून पाऊण पीपीएमवर येईल. मोजमाप माझ्या अंदाजापेक्षा कमी निघालं, समजा ८०, तर एकदाच अर्धं बदलून भागेल. म्हणून आधी मोजा, मगच टँकर सांगा.

काढलेलं पाणी कुठे जातं याकडे लक्ष द्या. बावधनमधली पावसाळी गटारं राम नदीला मिळतात. तांब्याचं पाणी तिथे सोडू नका. बोअरच्या रिचार्ज पिटमध्ये तर अजिबात नको, ते फिरून तुमच्याच बोअरमध्ये येईल. सांडपाण्याच्या ड्रेनेज लाइनीत सावकाश सोडा.

भरण्यासाठी पाऊस वापरता येईल. शिवाजीनगरला वर्षाचा पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास असतो. बावधन डोंगराकडे असल्याने तिथे सहसा जास्तच. तुमच्या ३२ चौरस मीटरच्या तलावावर सातशे मिलिमीटर म्हणजे २२ हजार लिटर, तलावाच्या निम्मं. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर १०० मिलिमीटर पडला तर १० हजार लिटर, एक अख्खा टँकर. पहिल्या सरी गच्चीवरची धूळ आणि कबुतरांची घाण घेऊन येतात, त्या वाहू द्या. नंतरचं पाणी जाळीतून तलावात घ्या. या पाण्यात क्षार नसतात, त्यामुळे बोअरचं जड पाणीही त्याने हलकं होतं.

बोअरचं किंवा टँकरचं पाणी घेताना एक साधी परीक्षा करा. पांढऱ्या बादलीत ते पाणी भरा, त्यात चमचाभर क्लोरीन टाका, अर्धा तास ठेवा. चहासारखा रंग आला तर पाण्यात लोह आहे. ते पाणी तलावात घेऊन वर क्लोरीन वाढवलंत तर टाइल्स पिवळ्या-तपकिरी होतील. दुसरा टँकर मागवा.

शेवाळ मारणं

स्टॅबिलायझर ४० च्या आत आला की खरी झटापट सुरू होते. त्याआधी लांब दांड्याच्या खोल जाळीने तळ चाचपून पानं काढा, तळ दिसत नसला तरी. गुलमोहराची बारीक पानं आणि बोगनवेलीच्या पाकळ्या तळाशी कुजत असतील, तर टाकलेलं निम्मं क्लोरीन त्याच खातील.

मग पीएच ७.२ ते ७.४ वर आणा. बोअरच्या पाण्यात तो बऱ्याचदा चढा असतो. ३० टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक ॲसिड, म्हणजे आपलं म्युरियाटिक, एका वेळी ४०० मिली घ्या. बादलीत आधी पाणी, मग ॲसिड. उलटं कधीच नाही. हातमोजे आणि चष्मा घालून, पंप चालू ठेवून, खोल बाजूला पाणी परत येतं त्या तोंडासमोर हळूहळू ओता. तासाभराने मोजा, लागलं तर पुन्हा ४००. पाण्याची आल्कलिनिटी (ॲसिड पचवायची ताकद) जास्त असेल तर दोन-तीन लिटरही लागतात, घाबरू नका, पण एकदम ओतू नका. पीएच आत्ताच नीट करायचा, कारण क्लोरीन १० च्या वर गेलं की पीएचचं लाल औषध जांभळं होऊन खोटा, चढा आकडा दाखवतं.

क्लोरीन म्हणून द्रवरूप सोडियम हायपोक्लोराइट घ्या. पंपवाले त्याला नुसतं हायपो म्हणतात. त्यात स्टॅबिलायझर नसतो, चुना नसतो. कॅनवर १० किंवा १२ टक्के लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात दुकानात उन्हात राहिलं की ते उतरतं. घरी तपासता येतं: २० लिटर साध्या पाण्यात १ मिली हायपो टाकून डीपीडीने मोजा. ५ पीपीएम आलं तर १० टक्के, ४ आलं तर ८ टक्के. ८ टक्क्यांचा हायपो धरला तर तुमच्या तलावात अर्धा लिटर म्हणजे १ पीपीएम. हा आकडा पंपरूमच्या भिंतीवर लिहून ठेवा. हायपो मिळालाच नाही तर ६५ टक्क्यांचं कॅल्शियम हायपोक्लोराइट चालेल, १ पीपीएमला ६५ ग्रॅम, बादलीभर पाण्यात विरघळवून. त्याने पाण्याचा जडपणा वाढतो, म्हणून जड बोअरच्या पाण्यात ती दुसरी पसंती.

सकाळी लवकर सुरू करा. ८ लिटर हायपो तलावाच्या कडेने फिरून ओता. १६ पीपीएम होईल. ॲसिड टाकून किमान तासभर झालेला असू द्या. लगेच सगळ्या भिंती, पायऱ्या, कोपरे ब्रशने घासा. शेवाळावर बुळबुळीत थर असतो, तो फुटल्याशिवाय क्लोरीन आत पोहोचत नाही. दोन तासांनी मोजा. क्लोरीन ३-४ वर आलेलं दिसेल, कदाचित शून्यावर. इथेच बहुतेक लोक हार मानतात, “एवढं टाकलं, सगळं गेलं” म्हणून. ते वाया गेलेलं नाही, शेवाळ जाळण्यात खर्च झालंय. पुन्हा १६ वर न्या. पहिल्या दिवशी दर दोन तासांनी मोजून भरत राहा, दुसऱ्या दिवसापासून तीन-चार वेळा. एकदा मोठा डोस टाकून चार दिवस वाट बघितली तर उरलेलं शेवाळ त्या चार दिवसांत परत वाढतं. १६ वर धरून ठेवणं हेच औषध आहे. पूलवाल्या मुलाला या आठवड्यात सकाळ-संध्याकाळ यायला सांगा, त्याचे जास्तीचे पैसे द्या, आणि दुपारचं मोजमाप घरातल्या कुणीतरी करा.

पंप या काळात चोवीस तास. फिल्टरवरच्या गेजचा स्वच्छ फिल्टरचा दाब टिपून ठेवा. त्यापेक्षा ८ ते १० पीएसआय चढला की बॅकवॉश. काचेत पाणी निवळ दिसेपर्यंत दोन-तीन मिनिटं, मग अर्धा मिनिट ‘रिन्स’, मग ‘फिल्टर’. पहिल्या दोन दिवसांत दिवसातून दोन-तीनदा करावा लागेल. वाळू सहा-सात वर्षं बदललेली नसेल, किंवा दाब चढतच नसेल आणि पाणीही निवळत नसेल, तर वाळूत चिरा पडून पाणी न गाळताच पुढे जातंय. ती बदलावी लागेल.

रंग हिरव्याचा राखाडी, मग दुधी निळसर होतो. ते मेलेलं शेवाळ. पाणी निवळ झालं पण हिरवट छटा राहिली, तर ते शेवाळ नाही, विरघळलेलं तांबं आहे, आणि त्यावर आणखी क्लोरीन ओतून उपयोग नाही. आणखी थोडं पाणी बदला.

दुधीपणा चार दिवसांनीही हटत नसेल तर तुरटी. ८०० ग्रॅम तुरटी बादल्यांत विरघळवा, तलावभर पसरा, मल्टीपोर्ट ‘रीसर्क्युलेट’वर ठेवून दोन तास फिरवा आणि रात्रभर पंप बंद. ‘फिल्टर’वर फिरवलं तर तुरटीचा गाळ वाळू जाम करतो. पीएच ८ च्या वर असला तर गाठी धरत नाहीत, म्हणून आधी तो बघा. क्लोरीन तेव्हा १० च्या खाली उतरू द्या, म्हणजे पीएच खरा कळेल. सकाळी तळाशी बसलेला पांढरा गाळ न ढवळता, व्हॅक्यूम हेड अगदी सावकाश ओढून ‘वेस्ट’वर काढा. तीन-चार हजार लिटर पाणी जाईल.

लपलेल्या जागा

तलाव निवळला आणि पंधरा दिवसांत परत हिरवा झाला, अशी तक्रार येते तेव्हा शेवाळ बहुतेक वेळा न घासलेल्या जागेतून आलेलं असतं. पाण्यातल्या दिव्यामागची खोबण ही पहिली. एमसीबी बंद करा, दिवा बाहेर ओढा, मागे ब्रश घाला. पंप आणि दिव्यांच्या लाइनीवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच लाइन तोडणारा स्विच) नसेल तर हे काम करण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या. शिडीच्या पायांची भोकं, स्किमरचं झाकण आणि त्याचा घसा, पाणी परत येणाऱ्या तोंडांच्या चकत्या, हे सगळं काढून घासा. नातवंडांची फुगवायची खेळणी, तुमची जाळी, ब्रश, व्हॅक्यूमचा पाइपही त्याच १६ पीपीएमच्या पाण्यात बुडवून ठेवा. ज्यांच्या तलावाला कडेने ओव्हरफ्लोची पन्हळ आणि बॅलन्सिंग टँक असतो, त्यांनी टाकीत डोकावून बघावंच. बाहेरचा तलाव चकचकीत आणि टाकीच्या भिंतींवर बोटभर थर, असं पुष्कळदा असतं.

सांध्यांतले काळे ठिपके हे वेगळं प्रकरण. बोटाने घासून निघत नाहीत, खरवडल्यावर काळपट-हिरवा चिकट थर निघतो, तर ते काळं शेवाळ. खरं तर ते जिवाणूंच्या जातीचं आहे आणि सिमेंटच्या ग्राउटमध्ये खोलवर रुजतं. त्यावर स्टीलच्या तारांचा ब्रश, रोज, तोही टाइल्सच्या तलावातच. फायबर किंवा लायनर असेल तर नायलॉनचाच. वरचं टोपण फुटलं की क्लोरीन आत जातं. बाकी तलाव निवळल्यावरही या ठिपक्यांसाठी आणखी आठवडाभर १६ वर राहावं लागेल. ग्राउट पोकळ झालं असेल तर ते कोरून एपॉक्सी ग्राउट भरून घ्या. सिमेंटच्या ग्राउटसारखं ते पाणी पीत नाही. घासून काहीच सुटलं नाही आणि डाग गुळगुळीत राहिला, तर तो तांब्याचा.

थांबायचं कधी

तीन गोष्टी एकत्र जमायला हव्यात. पाणी इतकं निवळ की खोल बाजूच्या जाळीची भोकं दिसतील. जोडलेलं क्लोरीन, म्हणजे एकूण वजा मुक्त, ०.५ पीपीएमच्या आत. आणि रात्रीची परीक्षा: सूर्य मावळल्यावर मुक्त क्लोरीन मोजा, पहाटे ऊन पडण्याआधी पुन्हा मोजा. रात्री ऊन नसतं, त्यामुळे जे कमी झालं ते शेवाळाने खाल्लं. घट १ पीपीएमपेक्षा जास्त असेल तर पाणी कितीही सुंदर दिसो, काम बाकी आहे. तिन्ही जमलं की क्लोरीन आपोआप उतरू द्या. ५ च्या आत आलं आणि पीएच ७.२ ते ७.८ मध्ये असला की पोहायला हरकत नाही.

पुन्हा येऊ नये म्हणून

स्टॅबिलायझर ३० ते ४०, मुक्त क्लोरीन ३ ते ५. क्लोरीन एक दिवस जरी शून्यावर गेलं तरी शेवाळाला तेवढं पुरतं. उन्हाळ्यात रोज २ ते ३ पीपीएम उडतं, म्हणजे दिवसाला एक ते दीड लिटर हायपो. पावसाळी ढगाळ दिवसांत त्याच्या निम्मा. संध्याकाळी टाका, रात्रभर काम करतो. हायपोचा कॅन सावलीत ठेवा, महिनाभर पुरेल एवढाच आणा.

पंप दोन तास फारच कमी आहे. तुमचा पंप १ एचपीचा असेल तर ताशी साधारण १२ हजार लिटर फिरवतो. दोन तासांत २४ हजार. आणि ४२ हजार लिटर फिरले म्हणजे सगळं पाणी गाळलं गेलं असंही नाही, कारण गाळलेलं आणि न गाळलेलं पाणी सतत मिसळत असतं. एका फेरीत ६३ टक्क्यांच्या आसपासच गाळलं जातं. रोज सहा ते आठ तास चालवा. महावितरणची वीज गेली की साधा टायमर तेवढा मागे पडतो. पावसाळ्यात आठवड्याला एकदा त्याचं घड्याळ जुळवा. पाणी परत येणारी तोंडं जरा खाली आणि एकाच दिशेला वळवा, म्हणजे कोपऱ्यांतलं पाणी साचून राहणार नाही. आठवड्यातून एकदा सगळ्या भिंती ब्रशने घासा, निवळ दिसत असल्या तरी.

मोठ्या पावसानंतर क्लोरीन आणि पीएच त्याच दिवशी मोजा. पावसाचं पाणी वाढत गेलं की आल्कलिनिटी उतरते. ६० च्या खाली गेली तर ७०० ग्रॅम खाण्याचा सोडा ती १० ने वाढवतो. लॉनचा उतार तलावाकडे असेल तर कडेला छोटा चर काढा. शेणखत, युरिया, डीएपी हे सगळं शेवाळाचं अन्न आहे, आणि एका सरीत ते तलावात येतं. घर बंद करून आठवडाभर जाणार असाल तर पंपाचा टायमर चालू ठेवा आणि हायपोसाठी कुणालातरी सांगून जा. क्लोरीन नसलेल्या थांबलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डासांची पूर्ण पिढी तयार होते, आणि पावसाळ्यात महापालिकेचे लोक घरोघरी नेमकं हेच शोधत फिरतात. ताडपत्री टाकून तलाव झाकू नका. तिच्यावर पाणी साचतं, आणि लहान मूल किंवा कुत्रं तिच्यावर गेलं तर खाली अडकतं.

उरलेला टीसीसीए फेकायची गरज नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात, कोरड्या जागी, हायपो आणि ॲसिडपासून दूर ठेवा. पुढच्या मार्चमध्ये स्टॅबिलायझर मोजा. पावसाने आणि बॅकवॉशने तो २० पर्यंत उतरला असेल, तर आठ-दहा दिवस हायपोऐवजी रोज १०० ग्रॅम टीसीसीए टाका. किलोभर संपेपर्यंत तो ३३ वर येईल. मग पुन्हा हायपो.